ब्रेक दमदार आहे, पण पुढचं चाक घट्ट आहे का?

नवी सायकल घेताना पुण्यात हल्ली दोन प्रश्न हमखास विचारले जातात: गिअर किती आणि डिस्क ब्रेक आहे का. पुढचं चाक फोर्कमध्ये, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन दांड्यांच्या चिमट्यात, कशाने अडकवलंय, हे सहसा कुणी विचारत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. या लेखाचा विषय तोच आहे. ब्रेक चाकाला कुठे आणि कोणत्या दिशेने पकडतो, यावर चाक धरून ठेवणाऱ्या नटावर किंवा लिव्हरवर किती ताण येणार हे ठरतं. रिमवरचे ब्रेक मागे पडून डिस्क आली तेव्हा हा ताण पार बदलला. चाक अडकवायची पद्धत मात्र असंख्य सायकलींवर जुनीच राहिली.

पुढचं चाक निखळणं ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. पण घडली तर सावरायला वेळच मिळत नाही. चाक सुटलं की फोर्कची दोन टोकं थेट डांबरावर आदळतात, सायकल जागच्या जागी अडते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. हात पुढे करायच्या आत तोंड रस्त्यावर आपटतं. म्हणून पंक्चर, चेन, गिअर यांच्यापेक्षा जास्त काळजी या एका जोडाची घ्यायला हवी, आणि ती घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही.

रॉड ब्रेकपासून डिस्कपर्यंत

जुन्या काळ्या सायकलीचा ब्रेक आठवा. हँडलखाली लोखंडी दांडे, त्यांना जोडलेला रॉड, आणि रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे स्पोकच्या बाजूने, वर ओढले जाणारे दोन रबर. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं त्या काळात हाच ब्रेक जागोजागी दिसे. कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली जवळून पाहता येतात. मुलांना घेऊन गेलात तर रॉड ब्रेक मुद्दाम दाखवा, कारण त्याचा एकही भाग झाकलेला नसतो आणि दांडा दाबल्यावर काय होतं ते डोळ्यांनी पाहता येतं. हा ब्रेक टिकाऊ होता. केबल तुटायची भीती नाही. त्याची खरी अडचण पावसात कळे. रिम स्टीलची, वर चकचकीत मुलामा, आणि ओल्या स्टीलवर रबर घसरतो. जुलैत कॅम्पातून पेठेकडे सायकल हाणणाऱ्यांना ब्रेक बराच आधीपासून दाबायची सवय लागलेली असायची ती यामुळेच.

त्यानंतर केबलवर चालणारे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कॅलिपर ब्रेक आले. 1996 साली शिमानोने व्ही-ब्रेक आणला. फोर्कच्या दोन दांड्यांवर दोन उंच हात आणि वरून आडवी जाणारी केबल, अशी त्याची साधी रचना. हात उंच असल्यामुळे बोटाच्या थोड्या जोरातही रिम घट्ट पकडली जाते. रिम ॲल्युमिनियमची असेल तर पावसातही तो बरा चालतो, फक्त चाकाचा पहिला एखादा फेरा पाणी पुसण्यात जातो. पुण्याच्या पावसाळ्यात व्ही-ब्रेकचा खरा शत्रू पाण्यापेक्षा चिखलातली बारीक वाळू आहे. ती रबरात रुतते आणि प्रत्येक ब्रेकला रिम खरवडते. ब्रेक दाबल्यावर करकर आवाज येत असेल तर चाक काढून रबराचा पृष्ठभाग पाहा. ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसतील. ते सुईने उकरून काढा आणि रबर पॉलिश पेपरवर घासून घ्या. तेवढ्यानेही रिमचं आयुष्य बरंच वाढतं.

डिस्क ब्रेक रिमला हातच लावत नाही. चाकाच्या मध्यावर, हबला, 160 मिलिमीटर व्यासाची किंवा त्याहून थोडी मोठी पोलादी चकती बसवलेली असते आणि फोर्कच्या डाव्या दांडीवरचा कॅलिपर तिला दोन पॅडमध्ये दाबतो. चकती जमिनीपासून उंच असल्यामुळे चिखलपाणी तिच्यापर्यंत कमी पोचतं. खड्ड्यात आपटून चाक आउट झालं तरी ब्रेक अडत नाही. पुण्यातल्या रस्त्यांवर एवढं एक कारणही डिस्क घ्यायला पुरेसं आहे. केबलवर चालते ती मेकॅनिकल डिस्क. तेलाच्या दाबावर चालते ती हायड्रॉलिक. हायड्रॉलिकला एक बोट पुरतं आणि पॅड झिजत जातील तसा तो स्वतःला जुळवून घेतो. पण तेलकट हात डिस्कला लागला किंवा चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला, तर पॅड तेल पितात आणि बऱ्याचदा बदलावेच लागतात. हायड्रॉलिक असलेलं चाक काढून ठेवलं असेल तेव्हा ब्रेकचा लिव्हर दाबू नका. मध्ये डिस्क नसल्यामुळे पिस्टन बाहेर सरकतात आणि चाक परत बसत नाही. पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली की काम भागतं.

ड्रम ब्रेक आणि पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक हेही प्रकार आहेत. पण चाक निखळण्याच्या विषयात त्यांचा फारसा संबंध येत नाही.

घर ते कॉलेज, घर ते ऑफिस एवढंच फिरणं असेल तर चांगले रबर बसवलेला व्ही-ब्रेक पुरतो, असं माझं ठाम मत आहे. बोपदेव, दिवे घाट किंवा सिंहगड उतरायचा असेल आणि तोही पावसात, तर डिस्क घ्या. पण मग पुढचं सगळं वाचा.

पुढच्या ब्रेकला घाबरू नका

लहानपणी बहुतेकांना एक सल्ला मिळालेला असतो: पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील. त्यामुळे कित्येक जण वर्षानुवर्षं फक्त मागच्या ब्रेकवर सायकल चालवतात. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे सरकतं. पुढचं चाक रस्त्याला जास्त दाबून बसतं आणि मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला कितीही जोरात पकडलं तरी ते नुसतं घसरत जातं.

कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगात फक्त मागचा ब्रेक वापरला तर थांबायला साधारण 14 मीटर लागतात. पुढचा नीट वापरला तर त्याच्या निम्मे, म्हणजे 7 मीटर. ब्रेक दाबायचा निर्णय घेण्यात एखादा सेकंद जातो आणि तेवढ्यात सायकल आणखी 8 मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळं. रिक्षा अचानक डावीकडे दाबते तेव्हा हे 7 मीटर फार मोलाचे असतात. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक सायकलींवर उजव्या हाताला असतो, पण काही सायकलींवर उलटं असतं. नवी सायकल हातात आली की आधी हे तपासा. हात सरळ करून, शरीर किंचित मागे घेऊन, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा. वळणावर, वाळूवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर तो सांभाळून वापरायचा.

म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. मग ते चाक फोर्कमध्ये कसं अडकलेलं आहे, हा प्रश्न आपोआप महत्त्वाचा होतो.

खाली उघडी असलेली खाच

बहुतेक सायकलींच्या फोर्कला खालच्या टोकांना खाचा असतात आणि त्या खालच्या बाजूला उघड्या असतात. चाकाचा एक्सल, म्हणजे मधून आरपार जाणारा आस, खालून वर सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी आवळायचा. साध्या सायकलीला नट असतात. गिअरच्या सायकलींना बऱ्याचदा क्विक रिलीज असतो: पोकळ एक्सलमधून आरपार गेलेली 5 मिलिमीटरची सळई, एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला नट. पाना न वापरता चाक काढता यावं म्हणून इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांनी 1930 च्या सुमारास ही युक्ती प्रचलित केली. तेव्हा ब्रेक रिमवर होते आणि डिस्कचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता.

रिम ब्रेकमध्ये रबर चाकाला वरच्या टोकाशी, फोर्कच्या खांद्याजवळ पकडतात. तिथे रिम पुढच्या दिशेने धावत असते, त्यामुळे ब्रेक तिला मागे ओढतो. खाली रस्ताही टायरला मागेच ओढत असतो. या दोन्ही ओढींनी एक्सल खाचेच्या मागच्या भिंतीवर दाबला जातो. खाली, उघड्या तोंडाकडे, त्याला कुणी ढकलत नाही. क्विक रिलीज थोडा सैल राहिला तरी नुसत्या ब्रेकने चाक सहसा बाहेर येत नव्हतं, त्याचं कारण हे.

डिस्कचं गणित वेगळं आहे. कॅलिपर फोर्कच्या दांडीच्या मागे बसवलेला असतो. सायकल पुढे जात असताना चाकाचा मागचा अर्धा भाग वर जात असतो, पुढचा अर्धा खाली. म्हणजे कॅलिपरच्या जागी डिस्क वरच्या दिशेने फिरत असते. पॅड तिला अडवतात, म्हणजेच खाली ढकलतात. डिस्क हबला पक्की, हब एक्सलवर, आणि एक्सल खाली उघड्या असलेल्या खाचेत. ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा एक्सल खाचेतून बाहेर पडायच्या दिशेने ढकलला जातो.

किती जोराने? चालवणारा आणि सायकल मिळून 90 किलो धरू. चांगला कचकचीत ब्रेक लावला तर रस्ता टायरला साधारण 45 किलोच्या जोराने मागे ओढतो. टायरची कड मध्यापासून 35 सेंटीमीटरवर, पण पॅड मात्र मध्यापासून फक्त 7 सेंटीमीटरवर. बिजागरीजवळ हात लावून दार ढकलायला जास्त जोर लागतो, तसंच इथे होतं. अंतर पाचपट कमी, म्हणून जोर पाचपट जास्त: सुमारे 225 किलो. हा जोर अगदी सरळ खाली नसतो, थोडा तिरका असतो, आणि सायकलवरचं वजन चाकाला खाचेत वर दाबत असतं. ते वजा केलं तरी डाव्या टोकाला खाली ओढणारा जोर शंभर किलोच्या वर उरतो. तेवढ्या जोराला तोंड देतं ते फक्त लिव्हरने आवळलेलं घर्षण. लिव्हर नीट बंद केलेला असेल तर ते पुरतं. अर्धवट बंद केलेला असेल तर पुरेल याची खात्री नाही.

2003 साली जेम्स ॲनन या हवामानशास्त्रज्ञ असलेल्या सायकलस्वाराने हे गणित जाहीरपणे मांडलं आणि त्यात आणखी एक मुद्दा जोडला. ब्रेक लागला की एक्सल किंचित खाली सरकू पाहतो, खड्ड्यात गेला की वर. लांब उतारावर हे शेकडो वेळा होतं. त्या हालचालीने दुसऱ्या टोकाचा नट हळूहळू आट्यांवरून मागे फिरू शकतो, म्हणजे सकाळी घट्ट असलेला क्विक रिलीज घाट उतरताना सैल पडू शकतो. यावर सायकल उद्योगात बरीच वादावादी झाली. पण पुढच्या वर्षांत अनेक कंपन्यांनी खाचेचं तोंड पुढच्या बाजूला वळवलं आणि चांगल्या सायकलींवर उघडी खाचच काढून टाकली. मूळ गणित बरोबर होतं, असंच मी मानतो. कॅलिपर दांडीच्या पुढे बसवला असता तर हाच जोर चाकाला खाचेत आणखी वर दाबत राहिला असता.

याखेरीज एक वेगळाच धोका 2015 साली समोर आला. क्विक रिलीजचा लिव्हर आणि डिस्क बऱ्याचदा दोन्ही डाव्या बाजूला असतात. काही सायकलींवर लिव्हर उघडल्यावर 180 अंशांपेक्षा जास्त फिरून डिस्कच्या भोकांमध्ये अडकू शकत होता. चालत्या सायकलीत असं झालं तर पुढचं चाक जागीच जाम होतं किंवा सुटतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत सुमारे 9 लाख सायकली या कारणासाठी दुरुस्तीला परत बोलावल्या. नोंदल्या गेलेल्या अपघातांपैकी एकात चालवणाऱ्याचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. सप्टेंबरअखेर आणखी 13 कंपन्यांनी मिळून सुमारे 13 लाख सायकली परत बोलावल्या. त्या वेळी सांगितलेली चाचणी घरी सहज करता येते. लिव्हर पूर्ण उघडा, डिस्कच्या जवळ आणा आणि मधल्या फटीत साधी पेन्सिल घालून पाहा. पेन्सिल जात नसेल, म्हणजे फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तो क्विक रिलीज बदलून घ्या. लिव्हर डिस्कच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे बसवणं त्याहून बरं. तापलेल्या डिस्कचा चटकाही बसत नाही.

लिव्हर फिरवायचा नसतो, दाबायचा असतो

रविवारी सकाळी गाडीच्या डिकीत सायकली घालून डोणज्यापर्यंत जायचं आणि तिथून सिंहगडाचा घाट चढायचा, हा आता बऱ्याच जणांचा शिरस्ता आहे. चाकं घरी काढलेली असतात आणि पायथ्याला, अर्धवट उजेडात, गप्पा मारत बसवली जातात. मी पाहिलेल्या बहुतेक चुका तिथेच होतात. एकदा एक कॉलेजचा मुलगा क्विक रिलीजचा लिव्हर पंखासारख्या नटासारखा गरागरा फिरवून आवळत होता. शेजारच्या टपरीवर हवा भरून देणारे काका उठून आले आणि म्हणाले, "दादा, तो नट नाहीये. फिरवत बसू नका, पलटवून दाबा." त्यांनी लिव्हर उलटा करून तळव्याने बंद केला तेव्हा तळव्यावर लिव्हरची लाल रेघ उमटली. "ही रेघ उठली पाहिजे," एवढंच बोलून ते परत गेले. मुलाने सैल ठेवून घाट चढला असता, आणि उतरताना काय झालं असतं कोण जाणे.

ही रेघ हीच खरी कसोटी. पद्धत अशी: सायकल जमिनीवर सरळ उभी करा, उलटी नको, म्हणजे वजनाने एक्सल खाचेत पूर्ण वर बसतो. लिव्हर उघडा ठेवून समोरचा नट हाताने थोडा थोडा आवळा. मग लिव्हर बंद करायला घ्या. तो सळईच्या सरळ रेषेत, म्हणजे चाकापासून बाहेरच्या बाजूला काटकोनात आलेला असताना विरोध जाणवू लागला पाहिजे, आणि तिथून पुढे तळव्याच्या जोरानेच बंद झाला पाहिजे. सहज मिटला तर नट अर्धा फेरा आवळा. मिटतच नसेल तर थोडा सोडा. बंद झालेला लिव्हर फोर्कच्या दांडीला समांतर, टोक वर किंवा मागे, असा ठेवा. पुढे राहिला तर झुडपात किंवा दुसऱ्या सायकलीत अडकून उघडू शकतो. सळईवर दोन्ही बाजूंना दोन छोट्या स्प्रिंगा असतात. त्यांचं निमुळतं टोक आतल्या बाजूला, हबकडे हवं. उलट्या बसल्या तर स्प्रिंग मध्ये दबून राहते आणि पकड पूर्ण येत नाही.

स्वस्त क्विक रिलीज आणि चांगला क्विक रिलीज यांत डोळ्यांनी दिसणारा फरक आहे. चांगल्यात कॅम, म्हणजे लिव्हरबरोबर फिरून सळई आवळणारा वक्र भाग, धातूच्या टोपणात झाकलेला असतो. स्वस्तात तो उघडा असतो आणि प्लास्टिकच्या वक्र वॉशरवर घासतो. उघड्या कॅमची पकड मुळातच कमी, त्यात मुळशीकडच्या रस्त्यांवरचा चिखल आणि सुकल्यावर उरणारी धूळ त्यात जाते. डिस्कच्या सायकलीवर मी उघडा कॅम ठेवणार नाही. सळई बदलायला पाच मिनिटं लागतात आणि हबला हात लावावा लागत नाही.

फोर्कच्या खाचेच्या कडेला छोटे उंचवटे असतात. लिव्हर उघडूनही चाक पटकन निघत नाही, नट आणखी चार-पाच फेरे सोडावा लागतो, तो या उंचवट्यांमुळे. कुणी कुणी वैतागून ते कानशीने घासून टाकतात. कृपा करून तसं करू नका. लिव्हर उघडलाच तर चाक खाली गळू न देणारी शेवटची अडकण तीच आहे. गतिरोधकावर पुढचं चाक क्षणभर हवेत गेलं आणि सगळं सैल असलं, तर ब्रेक न दाबताही चाक गळून पडू शकतं. उंचवटे असतील तर ते अडकून राहतं आणि खडखडाट ऐकून थांबायला वेळ मिळतो.

नटवाल्या सायकली आणि खोक्यातून आलेल्या सायकली

मुलांच्या आणि साध्या सायकलींना नट असतात आणि लोक त्यांना सुरक्षित समजून विसरून जातात. तिथे एक वॉशर पाहा: एका बाजूला आकडा वळलेला, आणि तो आकडा फोर्कच्या टोकाजवळच्या छोट्या भोकात अडकवलेला. नट सैल झाला तरी चाक सुटू नये यासाठी तो असतो. पंक्चर काढताना चाक उघडलं की हा वॉशर बऱ्याचदा उलटा बसतो, नाहीतर दुकानाच्या फरशीवर राहून जातो. सोसायटीत मुलांच्या सायकली एका रांगेत उभ्या असतात, तिथे जाऊन प्रत्येक पुढच्या चाकाकडे पाहिलंत तर आकडा नसलेली एखादी नक्की सापडेल. वॉशर अगदी किरकोळ किमतीला मिळतो. नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडा थोडा आवळायचा, नाहीतर चाक तिरपं बसतं.

हल्ली सायकली ऑनलाइन मागवल्या जातात आणि खोक्यातून बऱ्याचशा जोडलेल्या अवस्थेत येतात. पुढचं चाक, हँडल, पॅडल एवढं घरी बसवायचं असतं. नेमका सगळ्यात धोक्याचा जोड नवख्याच्या हातात दिला जातो, हे मला पटत नाही. त्यातली एक चूक लगेच ओळखू येते. फोर्क उलटा फिरलेला असताना हँडल आवळलं जातं, आणि पुढचा डिस्क ब्रेक उजव्या बाजूला दिसू लागतो. सीटवर बसून पाहा: कॅलिपर तुमच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागे असला पाहिजे. व्ही-ब्रेक असेल तर तो फोर्कच्या पुढे दिसला पाहिजे. उलटा असेल तर सायकल चालवू नका. हँडल बिचकत राहतं, तोल जातो. जवळच्या कारागिराकडून एकदा पूर्ण आवळून आणि तपासून घ्या. त्याचे पैसे देताना खळखळ करू नका.

आरपार एक्सल

या सगळ्यावर सायकल उद्योगाने शोधलेला उपाय म्हणजे थ्रू-एक्सल. यात फोर्कच्या टोकांना उघडी खाच नसते, बंद भोक असतं. 12 किंवा 15 मिलिमीटर जाडीचा एक्सल एका बाजूने घालून चाकातून आरपार नेऊन दुसऱ्या दांडीच्या आट्यांमध्ये फिरवून बसवतात. खाली सुटायला वाटच नसल्यामुळे डिस्कचा खालचा जोर निरुपद्रवी होतो. डिस्क दर वेळी त्याच जागी बसते, त्यामुळे ब्रेक घासतही नाही. फोर्कही जास्त ताठ होतो.

पुढे डिस्क असलेली सायकल घेणार असाल आणि बजेट थोडं ताणता येत असेल, तर दोन गिअर कमी चालतील पण थ्रू-एक्सल घ्या, असं मी सांगेन. दुकानात खाली वाकून फोर्कचं टोक पाहिलं की लगेच कळतं. आहे ती सायकल क्विक रिलीजची असेल तर घाबरून विकायची गरज नाही. झाकलेल्या कॅमची चांगली सळई, लिव्हर उजवीकडे, आणि दर वेळी तळव्यावरची रेघ, एवढं पाळा. थ्रू-एक्सलही आवळावा लागतोच. त्यावर किंवा फोर्कवर किती न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा ते छापलेलं असतं. अंदाजाने हात मारू नका.

निघण्याआधीची तपासणी अशी. लिव्हर बंद आहे का ते हाताने चाचपा, नुसतं बघू नका. गर्दीत लावलेल्या सायकलीचा लिव्हर कुणाच्या पायाने, पिशवीने किंवा खोडीने उघडलेला असू शकतो. मग हँडल उचलून पुढचं चाक हवेत घ्या आणि टायरवर वरून मुठीने दोन-तीन ठोसे द्या. चाक जराही खाली सरकलं किंवा टक असा आवाज आला तर पुन्हा बसवा. शेवटी चाक फिरवून पाहा. डिस्क कॅलिपरच्या मधोमध फिरते का, रिम दोन्ही दांड्यांपासून सारख्या अंतरावर आहे का. लांब उतार सुरू होण्याआधी, घाटमाथ्यावर पाणी प्यायला थांबलात की हेच पुन्हा करा.

उतरताना मध्येच पुढचा ब्रेक दाबल्यावर टक असा झटका बसला, आधी न घासणारी डिस्क अचानक घासू लागली किंवा हँडल सैल झाल्यासारखं वाटलं, तर पुढच्या ब्रेकवरची बोटं ताबडतोब काढा. डिस्कच्या सायकलीवर तोच ब्रेक चाकाला बाहेर ढकलत असतो. मागच्या ब्रेकने हळूहळू वेग कमी करा, वजन मागे घ्या, खड्डे आणि गतिरोधक टाळता येतील तेवढे टाळा. हँडल उचलून खड्डा ओलांडायचा प्रयत्न मुळीच करू नका, कारण रस्त्यावर टेकलेलं चाक वजनाने खाचेत दाबलेलं राहतं आणि उचललेलं चाक गळून पडू शकतं. पूर्ण थांबल्यावर रस्त्याच्या कडेला घ्या, उतरा, लिव्हर उघडून एक्सल खाचेत वरपर्यंत बसवा आणि पुन्हा बंद करा. बंद होताना तळव्याला जोर लागत नसेल तर सळईचे आटे गेले असण्याची शक्यता आहे. मग सायकल ढकलत खाली न्या.